अस्मानी, सुलतानी आणि बिल्टी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही तरी लिहावे, असा विश्वस्त मंडळींनी आग्रह केला तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी लेखक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन जो दुकानाच्या गादीवर बसलो, तो चाळीस वर्षे कापडाचे तागे उलगडीत आणि पुन्हा गुंडाळीत आलो. धर्म, इतिहास, तीर्थक्षेत्रे या विषयांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी या अंकात आहेतच. तेव्हा ज्या विषयाने आमच्या घराची एकेकाळी झोप उडवली होती, त्याच विषयावर चार शब्द लिहावेत असे ठरवले. आपल्या समाजातील अनेक घरे व्यापारात आहेत. माल बाहेरगावाहून येतो, बाहेरगावी जातो. वाटेत तो हरवला, भिजला किंवा जळला तर भरपाई कोणी द्यायची, आणि किती? या प्रश्नाचे उत्तर बिल्टीच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि ते आपण माल हरवल्यानंतरच वाचतो. त्या बारीक अक्षरांमागे काही शतकांचा इतिहास आहे.

१९८४ सालची गोष्ट. लग्नसराईसाठी वडिलांनी (त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू) बंगळूरच्या एका आडत्याकडून रेशमी साड्यांची एक गाठ मागवली. किंमत सुमारे १८,००० रुपये. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्या काळी आमच्या दुकानाच्या भांडवलाचा तो मोठा हिस्सा होता, आणि मालाचे पैसे आधीच चुकते झाले होते. गाठ ट्रकने निघाली, बिल्टी टपालाने आमच्या हाती पडली, गाठ मात्र आली नाही. अण्णा रोज सकाळी देवदर्शन आटोपून परस्पर वाहतूकदाराच्या कचेरीत जात. "पुढच्या गाडीत येईल, शेटजी," हे उत्तर त्यांना तीन आठवडे मिळाले. मग गाठ वाटेतील कोणत्या तरी गुदामात चुकली असे सांगण्यात आले, आणि अखेर ती सापडत नसल्याचे पत्र आले. त्या वाहतूकदाराचे नाव येथे देत नाही. त्याची आवश्यकताही नाही, कारण पुढे जे घडले त्यात आमचाही वाटा होता.

अण्णा वकिलांकडे निघाले तेव्हा मीही बरोबर गेलो. बी.कॉम.ला व्यापारी कायदा हा विषय मी नुकताच शिकलो होतो, त्यामुळे सार्वजनिक वाहतूकदार हा मालाचा जणू विमेदारच असतो, तेव्हा काळजी नसावी, असे मी वाटेत त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. वकीलसाहेबांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि बिल्टी मागितली. तीवर मालाच्या वर्णनाच्या रकान्यात 'कापड, गाठ एक' एवढेच लिहिले होते, किमतीचा रकाना कोरा होता. 'रेशीम' लिहिले की भाड्याचा दर चढतो, नाक्यावर जकातीचाही प्रश्न उभा राहतो, म्हणून आडत्याने रिवाजाप्रमाणे 'कापड' लिहिले होते. खरे सांगायचे तर तसे लिहावे असे आम्हीच त्याला वर्षानुवर्षे कळवीत आलो होतो.

वकीलसाहेबांनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढले, शेवटचे पान उघडले आणि एका ओळीवर बोट ठेवले. "अण्णा, हा १८६५ चा वाहतूकदारांचा कायदा. रेशीम या यादीत आहे. यादीतला माल शंभर रुपयांहून अधिक किमतीचा असेल, आणि त्याचे वर्णन व किंमत आपण आधी स्पष्ट सांगितली नसेल, तर त्याची जबाबदारी वाहतूकदारावर येत नाही."

"म्हणजे शंभर रुपये तरी मिळतील?" अण्णांनी विचारले.

"तेही नाहीत. गाठ त्यांच्याच माणसाने पळवली हे सिद्ध करून देता का? तेवढी एक वाट उघडी आहे."

ते आम्ही कशाच्या आधारावर सिद्ध करणार? नोटीस दिली, पत्रव्यवहार केला, आणि काही महिन्यांनी तो विषय आपोआप थांबला. अण्णांच्या दृष्टीने थांबला. माझ्या डोक्यातून मात्र ते शेवटचे पान जाईना. रेशीमच का? शंभरच रुपये का? आणि परीक्षेत लिहिलेल्या 'विमेदार' या शब्दाचे काय झाले? या प्रश्नांच्या मागे लागून, कधी वकीलसाहेबांच्या कपाटातील तर कधी वाचनालयातील पुस्तके चाळीत जे हाती लागले, ते येथे सांगतो.

प्रथम आपल्याच देशाकडे पाहू. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात मालवाहकाविषयी एक नियम आहे. राजा किंवा दैव यांच्यामुळे झालेली हानी सोडून, नेत असलेला माल नष्ट झाला तर वाहकाकडून त्याची भरपाई करून घ्यावी, असा त्याचा आशय. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नावाड्यांविषयी असेच सांगितले आहे. त्यांच्या चुकीने नावेतील वस्तूचे नुकसान झाले तर सर्व नावाड्यांनी मिळून ते भरून द्यावे, दैवी आपत्तीत मात्र त्यांना दंड नाही. आपण मराठीत 'अस्मानी-सुलतानी' असा जोडशब्द सहज वापरतो. वाहतुकीच्या कायद्याचा सारा गाभा त्या एका शब्दात आला आहे. आभाळ कोसळले किंवा राजसत्तेने हात घातला, तर वाहक सुटला. बाकी काहीही होवो, भरपाई त्याची.

आपल्या महाराष्ट्रात रेल्वे येण्यापूर्वी माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जाई. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ वाहून नेत. पेठांतून माल पोचवण्याचा मक्ता घेणारा हुंडेकरी असे. वाटेतील जकातींसह ठरीव रकमेत माल मुक्कामी पोचवून देण्याचे काम तो अंगावर घेई. हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहे, आणि आपल्याकडील काही घराण्यांच्या आडनावात तो आजही जिवंत आहे. याहूनही चतुर सोय म्हणजे जोखमी हुंडी. साधी हुंडी मुदत भरली की सकारून पैसे द्यावे लागतात. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यायचे, माल बुडाला की हुंडीही बुडाली. माल पाठवणाऱ्याला रोख रक्कम आधी मिळे आणि हुंडी घेणारा सावकार जोखीम उचलून त्याबद्दल बट्ट्यात आपला मोबदला धरी. कर्ज आणि विमा ही दोन्ही कामे एका चिठोऱ्यावर होत. पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर ही हुंडी रूढ होती. जोखीम कोणाची आणि तिची किंमत किती, हे व्यवहाराच्या आरंभीच उघड बोलून ठरे, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता इंग्लंडकडे वळले पाहिजे, कारण आपला १८६५ चा कायदा तिकडच्याच साच्यातून आला. तेथील न्यायालयांनी फार पूर्वीपासून सार्वजनिक वाहतूकदारावर, म्हणजे भाडे देणाऱ्या कोणाचाही माल नेण्याचा धंदा करणाऱ्यावर, कडक जबाबदारी टाकली होती. १७०३ मध्ये सरन्यायाधीश होल्ट यांनी एका प्रसिद्ध निकालात तिची कारणे सांगितली. मालधनी मालाबरोबर जात नाही. वाटेत काय घडले हे एकट्या वाहतूकदारालाच ठाऊक. तो चोरांशी संगनमत करून माल लुटवू शकतो, आणि ते कोणाला सिद्धही करता येणार नाही. म्हणून त्याला दोनच सबबी मोकळ्या ठेवल्या, ईश्वरी कोप आणि राजाचे शत्रू. आपल्या याज्ञवल्क्याशी हे किती जुळते ते पाहावे. फरक एवढाच की आपल्याकडे राजाकडून होणारी हानी वगळली आहे, तिकडे राजाच्या शत्रूकडून होणारी. प्रजेला कोठे कोणाची धास्ती अधिक होती, याचा तर्क वाचकांनीच करावा!

हा नियम किती कडक होता ते १७८५ च्या एका खटल्यावरून कळते. बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्स नावाच्या फुलांची पोती वाहतूकदाराच्या ताब्यात होती. काही अंतरावर आग लागली, ती पसरत आली आणि पोती जळाली. वाहतूकदाराची काडीचीही चूक नव्हती. तरीही लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्यालाच भरपाई द्यायला लावली. वीज कोसळून आग लागली असती तर गोष्ट वेगळी, पण माणसाच्या हातून लागलेली आग ईश्वरी कोपात मोडत नाही, असे त्यांचे म्हणणे. माझ्या पाठ्यपुस्तकातील 'विमेदार' हा शब्द येथून आला होता.

त्याच मॅन्सफिल्डसाहेबांचा १७६९ चा आणखी एक निकाल आहे, आणि तो वाचताना मी खुर्चीतच ताठ झालो. एका माणसाने शंभर पौंडांची रोकड खिळ्यांच्या एका जुन्या पिशवीत, गवताखाली दडवून बर्मिंगहॅमच्या घोडागाडीने लंडनला पाठवली. गाडीवाल्याला त्याचा पत्ता नव्हता, भाडे त्याने गवताच्या पिशवीचे घेतले होते. पिशवी पोचली, गवतही पोचले, पैसे तेवढे नाहीसे झाले होते. न्यायालयाने पाठवणाऱ्याचा दावा फेटाळला. वाहतूकदार जोखमीच्या प्रमाणात मोबदला घेतो. जोखीम लपवली तर मोबदलाही चुकवला, मग भरपाई कसली मागता, असा त्या निकालाचा आशय.

ही गोष्ट मी अण्णांना रात्री जेवणानंतर सांगितली. ते काही बोलले नाहीत. त्या वर्षीच्या दिवाळीला वहीपूजनापूर्वी हिशेब पुरे करताना त्यांनी ते १८,००० रुपये दुकानाच्या नुकसानीत न धरता स्वतःच्या भांडवल खात्याला नावे टाकले. मी वाणिज्य पदवीधर. माल हरवणे हा धंद्याचा तोटा आहे, तो नफातोटा पत्रकात गेला पाहिजे, असा मी वाद घातला. ते म्हणाले, "दर वाचवायला 'कापड' लिही म्हणून कोणी कळवलं होतं? दुकानानं नव्हे, मी कळवलं होतं." करसल्लागारांनीही त्यांना समजावले, पण नोंद बदलली नाही.

पुढे इंग्लंडमध्ये रस्ते सुधारले, वेगवान घोडागाड्या धावू लागल्या आणि लहान आकाराच्या पण भारी किमतीच्या वस्तू त्यांतून जाऊ लागल्या. गाडीवाले आपापल्या कचेरीत पाट्या लावू लागले, 'अमुक किमतीवरच्या मालाची जबाबदारी आमच्यावर नाही.' पाटी गिऱ्हाइकाने वाचली होती की नाही, त्याला वाचता तरी येत होते की नाही, यावर न्यायालयांत वाद माजले. या गोंधळावर उपाय म्हणून १८३० मध्ये ब्रिटिश संसदेने वाहतूकदारांचा कायदा केला. सोने, चांदी, जवाहीर, घड्याळे, चलनी नोटा, काच, लोकरी फर, लेस आणि रेशीम अशा वस्तूंची यादी केली, दहा पौंडांची मर्यादा घातली आणि सांगितले की याहून अधिक किमतीचा असा माल असेल तर तो काय आहे व कितीचा आहे हे देतानाच सांगा आणि जादा भाडे भरा. त्याच्या बदल्यात, यादीबाहेरच्या मालाच्या बाबतीत नुसत्या पाटीने अंग झटकण्याची सोय काढून घेतली.

येथे माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. भाडे वजनावर घेतात, भरपाई किमतीवर द्यावी लागते. सुताच्या आणि रेशमाच्या गाठीचे वजन सारखे असले तरी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. सुताचे भाडे घेऊन रेशमाची जोखीम वाहावी लागणे हा वाहतूकदारावर अन्यायच होता. मालधनी या नात्याने मला हे कबूल करणे जड जाते, परंतु दुसऱ्या बाजूलाही बाजू असते.

भारतात १८६५ चा तिसरा अधिनियम आला तो या पार्श्वभूमीवर. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा अमाप पैसा खेळत होता, आणि त्याच वर्षी तो फुगा फुटायचा होता. कायद्याने दहा पौंडांच्या जागी शंभर रुपये घातले आणि यादीला देशी रूप दिले. सोने, चांदी, मोती, घड्याळे, रेशीम, शाली, जरीचे कापड, हस्तिदंत व चंदनाच्या वस्तू, अफू. नंतर त्यात भर पडत जाऊन चलच्चित्रांच्या फिती आल्या, आणि चक्क गोरोचनही आले! गोरोचन ट्रकने पाठवणारा व्यापारी मला आयुष्यात भेटला नाही. पण १८६५ मध्ये लिहिलेले शंभर रुपये मात्र १९८४ मध्येही शंभरच होते. एकशे एकोणीस वर्षांत रुपयाचे काय झाले, याची त्या पानाला खबर नव्हती.

हा कायदा एकतर्फी होता असे मात्र म्हणता येणार नाही. यादीबाहेरच्या मालासाठी, म्हणजे आपल्या सुती कापडासाठी, मालधन्याने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने सही केलेल्या विशेष करारावाचून वाहतूकदाराला आपली जबाबदारी कमी करता येत नसे, आणि तसा करार असला तरी त्याच्या निष्काळजीपणाने नुकसान झाल्यास तो सुटत नसे. दाव्यात निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझेही मालधन्यावर नव्हते. गाठ का पोचली नाही हे वाहतूकदारानेच सांगायचे. नुकसान कळल्यापासून सहा महिन्यांत लेखी नोटीस देण्याची अट तेवढी पुढे घातली गेली.

मध्यंतरी १८७२ चा करार कायदा आला आणि नवाच वाद उपस्थित झाला. त्या कायद्यानुसार दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने सामान्य समंजस माणसाइतकी काळजी घेतली की त्याची सुटका होते. मग वाहतूकदारालाही हाच सौम्य नियम लावायचा की जुना कडक नियम? मुंबई उच्च न्यायालयाने १८७८ मध्ये कुंवरजी तुळशीदास विरुद्ध जी.आय.पी. रेल्वे या खटल्यात सौम्य नियमाच्या बाजूने कौल दिला. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८८३ मध्ये नेमके उलट ठरवले. आठ वर्षे एकाच देशात, मुंबईच्या व्यापाऱ्याला एक न्याय आणि कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला दुसरा, अशी अवस्था होती. अखेर १८९१ मध्ये ब्रह्मदेशातील इरावती नदीवर बोटी चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध भगवानदास या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याचे मत उचलून धरले. सार्वजनिक वाहतूकदार विमेदारासारखाच राहिला.

परंतु तोवर रेल्वेने आपली वाट निराळी करून घेतली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि पुढील पन्नास वर्षांत देशातील मालाची मोठी वाहतूक रुळांवर गेली. १८९० च्या रेल्वे कायद्याने रेल्वेला तोच सौम्य नियम बहाल केला. सांभाळणाऱ्याने घ्यावी तेवढी काळजी घेतली की पुरे. रेशीम, शाली आदी वस्तूंची यादी आणि शंभर रुपयांची मर्यादा तेथेही होतीच. जनावरांचेही दर ठरले होते. किंमत जाहीर केली नसेल तर हत्ती किंवा घोडा ५०० रुपये, गुरे ५० रुपये, गाढव, शेळी, कुत्रा १० रुपये. हत्तीची आणि घोड्याची जबाबदारी सारखी कशी, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक.

व्यापाऱ्यांना खरा जाच झाला तो जोखीमपत्रांचा, ज्यांना 'रिस्क नोट' म्हणत. रेल्वेने दोन दर ठेवले होते, रेल्वेच्या जोखमीचा चढा आणि मालकाच्या जोखमीचा उतरता. उतरत्या दराने माल पाठवायचा तर छापील जोखीमपत्रावर सही करावी लागे. व्यापारी सही करी, कारण शेजारच्या दुकानदाराने केलेली असे, आणि चढे भाडे भरून बाजारात टिकणार कसे? माल गेला की सही पुढे केली जाई. यावर ओरड झाल्यावर १९२४ मध्ये जोखीमपत्रे सुधारण्यात आली, आणि माल ताब्यात असताना त्याची व्यवस्था कशी लावली हे रेल्वेने उघड केले पाहिजे, असे बंधन आले. सुरतेच्या एका कापड गिरणीने हे बंधन किती खोल जाते ते प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढून ठरवून घेतले. १९३७ च्या त्या निकालाने, रेल्वेने थातूरमातूर उत्तर देऊन भागणार नाही, मालधनी अधिक खुलासा मागू शकतो, असे स्पष्ट केले. आमच्या व्यवसायातील एका संस्थेने हे करून ठेवले, याचा मला अभिमान वाटतो.

स्वातंत्र्यानंतर कायदा दुरुस्त झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून रेल्वेही सार्वजनिक वाहतूकदाराच्या रांगेत आली. सबबी मात्र दोनाच्या नऊ झाल्या, आणि त्यांत आगीचाही समावेश होता. मॅन्सफिल्डसाहेबांनी जी सबब १७८५ मध्ये नाकारली, ती येथे लेखी मिळाली. पुरेशी दक्षता घेतल्याचे रेल्वेने दाखवले पाहिजे, ही अट तेवढी राहिली. १९८९ चा नवा रेल्वे कायदा १९९० मध्ये अमलात आला तेव्हा किंमत जाहीर न केलेल्या मालासाठी नियमांनी किलोला ५० रुपये अशी मर्यादा ठरवली. चाळीस किलोची रेशमी गाठ धरा, २,००० रुपये झाले.

समुद्रमार्गाची कथा मोठी आहे, पण आपला तिच्याशी संबंध थोडा, म्हणून दोन वाक्यांत आटोपतो. जहाज कंपन्यांनी बिल ऑफ लेडिंगवर इतक्या सुटी छापून घेतल्या की अखेर १९२४ मध्ये ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय नियम ठरवावे लागले. त्यांवर आधारलेल्या भारताच्या १९२५ च्या कायद्यात दर नगामागे १०० पौंडांची मर्यादा होती, ती १९९३ मध्ये बदलली आणि २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवाच कायदा संमत केला. तेथेही नियम तोच आहे. मालाचे स्वरूप आणि किंमत आधी जाहीर करून कागदावर नोंदवली असेल तर मर्यादा लागू होत नाही.

रस्त्याकडे परत येऊ. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ट्रक वाहतुकीसंबंधी दोन महत्त्वाचे निकाल दिले. दोन्हींत माल वाहतूकदाराच्या गुदामात आगीने जळाला होता. पहिल्या निकालात, मालधन्याने निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही हा १८६५ चा नियम ग्राहक न्यायालयांतही लागू होतो, असे ठरले. दुसऱ्यात, बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असे छापले म्हणून वाहतूकदार आपल्या निष्काळजीपणातून सुटत नाही, असे सांगितले गेले. हे निकाल वाचून अण्णा, त्या वेळी ते बरेच थकले होते, एवढेच म्हणाले, "आपली गाठ सुती असायला हवी होती."

यानंतर १८६५ चा कायदा फार दिवस टिकला नाही. २००७ मध्ये संसदेने रस्त्यावरील मालवाहतुकीचा नवा कायदा केला, तो १ मार्च २०११ पासून अमलात आला आणि जुना रद्द झाला. वाहतूकदाराने नोंदणी केली पाहिजे, पाठवणाऱ्याने मालाचे वर्णन व किंमत लिहिलेला पाठवणीचा अर्ज भरून दिला पाहिजे, वाहतूकदाराने पावती दिली पाहिजे, हे सारे चांगलेच आहे. गोरोचन आणि रेशमाची ती यादीही गेली. पण मर्यादा गेली नाही. उलट ती आता प्रत्येक मालाला लागू झाली. २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती आहे, आणि तीही जाहीर किमतीच्या वर जाणार नाही. आपला हिशेब करून पाहा. ९०,००० रुपयांची शर्टिंगची गाठ आणि भाडे ७०० रुपये. गाठ हरवली तर वाहतूकदाराची जबाबदारी ७,००० रुपये. जुन्या कायद्यात सुती कापडाला जे संरक्षण होते ते या आकड्यात राहिलेले नाही. एका अर्थी आता सगळाच माल रेशीम झाला आहे.

याला वाट कायद्यातच ठेवली आहे. पाठवणाऱ्याने माल देताना अधिक जोखमीचा दर मागून तो भरला तर जबाबदारी वाढते. ही सोय कितीजण वापरतात? माझ्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना विचारले तेव्हा बहुतेकांनी अशी काही सोय आहे हेच प्रथम ऐकले. अनेकजण प्रवास-विमा उतरवतात आणि निर्धास्त होतात. ते योग्यच आहे, परंतु विमा कंपनी भरपाई दिल्यावर वाहतूकदाराकडे वसुलीस जाते, आणि त्यासाठी लागणारी नोटीस मुदतीत गेली नसेल तर अडचण आपलीच होते. येथे एक बदल विशेष सांगतो, कारण जुन्या सवयीने माणूस फसतो. पूर्वी सहा महिने नुकसान कळल्यापासून मोजत. आता १८० दिवस माल नोंदवल्याच्या तारखेपासून मोजले जातात. "पुढच्या गाडीत येईल" हे उत्तर जितके आठवडे ऐकाल, तितके दिवस त्यातून वजा होतात.

गेल्या दिवाळीपूर्वी मी मुद्दाम एक प्रयोग केला. पैठण्यांची एक लहान पेटी बाहेरगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला पाठवायची होती. अर्जावर 'रेशमी पैठण्या, नग ६' असे लिहिले, खरी किंमत घातली आणि कारकुनाला अधिक जोखमीचा दर विचारला. तो तरुण मुलगा गोंधळला. म्हणाला, "काका, असं कोणी मागत नाही." त्याने मुख्य कचेरीला फोन लावला, त्यांनी आणखी कोणाला तरी विचारले, आणि दर कळायला दोन दिवस लागले. पेटी तोवर माझ्याच दुकानात राहिली. तिसऱ्या दिवशी जादा रक्कम भरली, पावतीवर तो दर व किंमत लिहून शिक्का मारून घेतला, आणि ती पावती १९८४ च्या बिल्टीला जोडून अण्णांच्या जुन्या फायलीत लावली. पेटी पाचव्या दिवशी पोचल्याचा गिऱ्हाइकाचा फोन आला.